एचडीबीचा कोटा आणि सायप्रसची हिरवी रेघ

सिंगापुरात रिसेल फ्लॅट घ्यायला किंवा विकायला निघालेल्या मराठी कुटुंबाला 'कोटा' हा शब्द हमखास भेटतो. घर पसंत पडलेलं असतं, एमआरटी पाच मिनिटांवर, शाळा जवळ, किमतीचंही जमण्यासारखं, आणि एजंट सांगतो की या ब्लॉकमध्ये इंडियनांची मर्यादा भरली आहे. किंवा उलटं होतं. आपण विकायला काढलेला फ्लॅट एका चिनी जोडप्याला आवडतो, ते चार पैसे जास्त द्यायलाही तयार असतात, पण त्यांना तो घेता येत नाही. मग कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात धरून सरकारच्या नावाने थोडा वेळ बोटं मोडली जातात आणि विषय मिटतो.

खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा. एकाच बेटावर निरनिराळ्या वंशांचे, भाषांचे आणि धर्मांचे लोक राहात असले की दोन प्रश्न कधी ना कधी समोर येतातच: सत्तेत कुणाचा वाटा किती, आणि जमीन-घर कुणाचं. सायप्रस नावाच्या बेटाने पहिला प्रश्न आधी सोडवायला घेतला. सिंगापूरने दुसरा आधी घेतला. दोघांचंही उत्तर निर्दोष नाही, पण सायप्रसची राजधानी आज काटेरी तारांनी दुभंगलेली आहे आणि सिंगापुरात एकाच लिफ्टमधून चिनी आजी, मलय शाळकरी पोरगी आणि आपण असे वर जातो. हा फरक कशाने पडला, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात रॅफल्सपासून करावी लागते. १८१९ मध्ये तो इथे उतरला आणि १८२२ च्या अखेरीस त्याने नगररचनेसाठी एक समिती नेमून तिला सूचना दिल्या. लेफ्टनंट जॅक्सनच्या नावाने ओळखला जाणारा तो नकाशा आपण पुस्तकांत किंवा संग्रहालयात पाहिला असेल. त्यात सगळे वेगवेगळे बसवलेले आहेत. युरोपियनांचं गाव एकीकडे, नदीपलीकडे चिनी लोकांचं कांपाँग, दक्षिण भारतातून आलेल्या चुलियांचं वेगळं, आणि सुलतानाच्या आसपास कांपाँग ग्लाममध्ये मलय, अरब, बुगी. इंग्रजाला यात व्यवस्था दिसत होती. आपल्या जुन्या पेठा आणि आळ्या आठवल्या की हे फारसं परकंही वाटत नाही. ब्राह्मण आळी, कासार आळी, बोहरी आळी आपणही पाहिल्या आहेत. पुढची सव्वाशे वर्षं हे शहर याच पद्धतीने वाढलं. ज्याचा त्याचा मोहल्ला, ज्याची त्याची शाळा, भांडणं मिटवायला ज्याचा त्याचा पुढारी. चिनी लोकांत पुन्हा बोलीप्रमाणे गट. १८५४ साली हॉक्येन आणि टिओच्यू या दोन चिनी गटांतच दंगल पेटली आणि शेकडो माणसं मेली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हे मोहल्ले धोक्याचे ठरले. १६ सप्टेंबर १९६३ ला सिंगापूर मलेशियात सामील झालं. मलयांना विशेष हक्क असावेत की सगळे नागरिक सारखे असावेत, यावरून क्वालालंपूर आणि सिंगापूरमधले पुढारी एकमेकांवर तुटून पडले आणि त्याची धग रस्त्यावर आली. २१ जुलै १९६४, पैगंबर जयंतीचा दिवस. पाडांगवरून मिरवणूक निघाली, गेलांगच्या दिशेने जाताना मारामारी झाली, आणि बघता बघता शहरभर पसरली. त्या दंगलीत २३ माणसं मेली, ४५४ जखमी झाली. सप्टेंबरात पुन्हा भडका उडाला, आणखी १३ मेली. आकडे आपल्या फाळणीच्या किंवा १९९२-९३ च्या मुंबईच्या मानाने लहान वाटतील, पण गाव केवढं आणि देश केवढा हे लक्षात घ्यावं. वर्षभरात, ९ ऑगस्ट १९६५ ला, सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं. २१ जुलैला शाळांत 'रेशियल हार्मनी डे' असतो, मुलं एकमेकांचे पोशाख घालून जातात, आपली पोरं कुर्ता-पायजमा चढवतात, तो याच दंगलीच्या आठवणीचा दिवस. बऱ्याच आईबापांना हे ठाऊक नसतं.

आता सायप्रस. भूमध्य समुद्रातलं हे बेट आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडं लहान, सिंगापूरच्या मात्र बारापट. तेही इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि १९६० मध्ये स्वतंत्र झालं. लोकसंख्येत साधारण ७८ टक्के ग्रीक, १८ टक्के तुर्क. ग्रीकांतल्या पुष्कळांना ग्रीसमध्ये सामील व्हायचं होतं, तुर्कांतल्या पुष्कळांना बेटाची वाटणी हवी होती. म्हणून ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी बसून अशी राज्यघटना ठरवली की सत्तेची वाटणी अगदी तराजूत तोलून व्हावी. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क, दोघांनाही नकाराधिकार. मंत्री सात ग्रीक, तीन तुर्क. संसदेत ३५ आणि १५ जागा. सरकारी नोकऱ्या ७०:३०, सैन्य ६०:४०. ग्रीकांनी ग्रीकांना मत द्यायचं, तुर्कांनी तुर्कांना, मतदारयाद्याच वेगळ्या. कराचा कायदा करायचा तर दोन्ही बाजूंच्या खासदारांचं वेगवेगळं बहुमत हवं. मोठ्या शहरांत नगरपालिकासुद्धा दोन दोन!

कागदावर अल्पसंख्याकांना याहून जास्त संरक्षण कुठे मिळालं असेल? पण हे यंत्र साडेतीन वर्षंही चाललं नाही. १८ टक्क्यांना ३० टक्के नोकऱ्या का, म्हणून ग्रीक कुरकुरू लागले. ठरलेलं देत नाहीत म्हणून तुर्कांनी करांचे कायदे अडवले. नगरपालिकांचा वाद न्यायालयात गेला. नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष आर्चबिशप मकारिऑस यांनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या, आणि डिसेंबरात कत्तली सुरू झाल्या. दोन्हीकडची माणसं थांबवायची कशी? ब्रिटिश मेजर-जनरल पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली: अलीकडे ग्रीक, पलीकडे तुर्क. तीच 'ग्रीन लाइन'. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती भारताचे जनरल ग्यानी, त्यांच्यानंतर जनरल थिमय्या. थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच, कामावर असताना वारले. म्हणजे ज्या १९६४ मध्ये गेलांगच्या रस्त्यावर रक्त सांडलं, त्याच वर्षी आपला एक माजी लष्करप्रमुख दुसऱ्या बेटावर ती हिरवी रेघ सांभाळत होता.

रेघ वाढतच गेली. १५ जुलै १९७४ ला ग्रीसच्या लष्करशहांच्या चिथावणीने बंड झालं, २० जुलैला तुर्कस्तानने सैन्य उतरवलं आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेतला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेत पळाले, चाळीस हजारांहून अधिक तुर्क उत्तरेत गेले. जाताना दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला. मागे राहिलेल्या घरांत पलीकडून आलेले निर्वासित राहू लागले.

सत्तेची वाटणी कागदावर पुन्हा कितीही वेळा करता येते. पण त्या घराचा मालक कोण?

हा प्रश्न आपल्याला कुळकायद्यावरून चटकन कळावा. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ मालक ठरलं. ज्यांची जमीन गेली त्या घरांत अजून 'आमची जमीन कुळात गेली' असं म्हणतात. ज्यांना मिळाली त्यांच्या घरी तीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगतात. दोघंही खरं बोलतात. फरक एवढाच की आपल्याकडे दोन्ही घरं एकाच गावात होती आणि एकच कोर्ट होतं. सायप्रसमध्ये मध्ये बंदुका होत्या. किरेनियाच्या टिटिना लोइझिदू या बाईंनी आपल्या जमिनीसाठी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात १९८९ मध्ये तुर्कस्तानवर दावा लावला. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मालक अजून त्याच आहेत. १९९८ मध्ये भरपाई ठरली, तुर्कस्तानने ती २००३ मध्ये दिली. पैसे मिळाले, जमिनीचा ताबा नाही.

सिंगापूरने यातलं नेमकं काय टाळलं ते आता पाहू. स्वतंत्र झाल्यावर सरन्यायाधीश वी चाँग जिन यांच्या अध्यक्षतेखाली अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एक घटना आयोग नेमला गेला. १९६६ मध्ये त्याने अहवाल दिला आणि जातवार राखीव जागांची कल्पना साफ नाकारली. वेगळे मतदार, वेगळे कोटे यांनी भेद पक्के होतील, असं त्याचं म्हणणं. घटनेत मलयांचं विशेष स्थान मान्य झालं, पुढे अल्पसंख्याकांच्या हक्कांवर नजर ठेवणारी एक अध्यक्षीय परिषद आली, पण सायप्रससारखी सात-तीनची वाटणी नाही.

त्याच वेळी, म्हणजे डिसेंबर १९६५ मध्ये, आणखी एक गोष्ट गुपचूप म्हणावी इतक्या शांतपणे झाली. मलेशियाच्या घटनेतले मूलभूत हक्क सिंगापूरने उचलले, पण त्यातलं मालमत्तेच्या हक्काचं तेरावं कलम तेवढं वगळलं. आपल्याकडे हाच हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढायला १९७८ साल उजाडलं, आणि मधल्या काळात जमीनदारांच्या किती याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या ते कायद्याचा अभ्यास केलेल्यांना माहीत आहे. इथे तो वादच शिल्लक ठेवला नाही. १९६६ मध्ये भूसंपादन कायदा झाला. सरकार सार्वजनिक कामासाठी जमीन घेऊ शकत होतं, आणि १९७३ नंतर तर भरपाई ३० नोव्हेंबर १९७३ च्या भावाने किंवा संपादनाच्या अधिसूचनेच्या दिवसाच्या भावाने, जो कमी असेल त्याने. भाव वाढले तरी मालकाला त्याचा लाभ नाही. १९६० मध्ये सरकारकडे बेटाची ४४ टक्के जमीन होती, १९८५ मध्ये ७६ टक्के. बाजारभावाने भरपाई देण्याची दुरुस्ती झाली ती २००७ मध्ये.

यात चिनी जमीनदार गेले, भाजीवाल्यांचे मळे गेले, मलय कांपाँगं गेली, देवळं-मशिदींच्याही जागा गेल्या. रडारड पुष्कळ झाली. लोकशाहीत हे बसतं का, असं कुणी विचारलं तर मला उत्तर द्यायला जड जाईल. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. इथे एका जातीची जमीन काढून दुसरीला दिली नाही. सगळ्यांचीच काढून एका सरकारी मंडळाला दिली, आणि त्या मंडळाने सगळ्यांनाच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने फ्लॅट विकले. त्यामुळे सायप्रससारखं 'माझ्या घरात तो राहतो' असं म्हणायला इथे कुणाजवळ काही उरलं नाही. घरच उरलं नाही, तर शेजारी कुणाला दोष देणार?

ते मंडळ म्हणजे अर्थातच एचडीबी. १ फेब्रुवारी १९६० ला स्थापन झालं. २५ मे १९६१ ला बुकित हो स्वीच्या झोपडपट्टीला आग लागली, सुमारे १६,००० लोक उघड्यावर आले, आणि त्यांना घरं देताना मंडळाने वेग पकडला. पाच वर्षांत ५०,००० हून जास्त फ्लॅट उभे राहिले. १९६४ पासून ते विकत मिळू लागले, १९६८ पासून सीपीएफच्या पैशातून घेता येऊ लागले. आज इथले सुमारे चारांपैकी तीन रहिवासी एचडीबीत राहतात.

सुरुवातीला वाटप करतानाच सगळ्यांची सरमिसळ होत होती. पण रिसेल सुरू झाल्यावर लोक पुन्हा आपल्या माणसांकडे सरकू लागले. यात वाईट काही नाही. आपणही घर शोधताना जवळ कोण मराठी आहे ते विचारतोच. मलय बेडोक आणि टँपिनिसकडे, चिनी हौगांगकडे, भारतीय यीशुनकडे जमू लागले. सरकारला त्यात १९६४ दिसलं. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्रीय विकासमंत्री एस. धनबालन यांनी (हे स्वतः तमिळ, हे विसरू नये) मर्यादा जाहीर केल्या आणि १ मार्चपासून त्या लागू झाल्या. शेजारवस्तीत चिनी ८४ टक्के, मलय २२, इंडियन आणि इतर १०. एकेका ब्लॉकमध्ये ८७, २५ आणि १३.

याच्या एकच वर्ष आधी, १९८८ मध्ये, जीआरसी म्हणजे गट-मतदारसंघ आले होते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजल्या जातात, पण मला त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे मिसळले म्हणजे मलय किंवा भारतीय बहुसंख्य आहेत असा मतदारसंघच कुठे राहणार नाही. मग त्यांचा माणूस निवडून येणार कसा? म्हणून उमेदवारांची टोळीच उभी करायची, आणि त्यात किमान एक जण मलय किंवा भारतीय अथवा इतर अल्पसंख्याक असलाच पाहिजे. सुरुवातीला तिघांची टोळी, पुढे सहांपर्यंत गेली, २०२५ च्या निवडणुकीत चार किंवा पाच जणांची, असे १८ गट होते. सायप्रसमध्ये तुर्काला फक्त तुर्कांची मतं मागायची होती, म्हणून कडवा बोलणारा जिंकायचा. इथे भारतीय उमेदवाराला चिनी आजीकडेही मत मागायला जावं लागतं. १९६६ च्या आयोगाने नाकारलेली कल्पना बावीस वर्षांनी अशी मागच्या दाराने आली, फक्त तिचं तोंड फिरवून.

टीका झाली, आणि ती खोटी नाही. एवढी टोळी जमवणं विरोधी पक्षांना जड जातं, आणि वजनदार मंत्र्याचा पदर धरून नवखे आत येतात. शिवाय गरज तरी होती का? १९५५ मध्ये इथला पहिला मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल ज्यू होता. १९८१ मध्ये अँसनला जेयारत्नम एकटे उभे राहून सत्ताधारी पक्षाविरुद्ध जिंकले. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद मलयांसाठी राखून ठेवलं तेव्हा हलिमा याकोब बिनविरोध आल्या आणि पुष्कळांना ते रुचलं नाही. २०२३ मध्ये कुठलंही आरक्षण नसताना थर्मन ७० टक्के मतांनी निवडून आले. असो. गट-मतदारसंघ नसते तर काय झालं असतं, हे कुणी सिद्ध करू शकत नाही.

सायप्रसने मात्र दुसऱ्यांदा प्रयत्न केला, आणि तो घरांवरच अडला. २४ एप्रिल २००४ ला कोफी अन्नान यांच्या योजनेवर दोन्ही बाजूंना वेगवेगळं मतदान झालं. सत्तावाटपाचं बरंचसं जुळलं होतं. मालमत्तेचा तोडगा असा की मूळ मालकाला ढोबळमानाने एक तृतीयांश परत, उरलेल्याची भरपाई, आणि तिथे राहून घरावर बराच खर्च केलेल्याला ते ठेवता यावं. तुर्कांनी ६५ टक्क्यांनी हो म्हटलं, ग्रीकांनी ७६ टक्क्यांनी नाही. कारणं अनेक, तुर्की सैन्याची भीतीही त्यात होती, पण 'माझं घर मला पुरतं मिळणार नाही आणि भरपाई कधी, कोण देणार' हा राग मोठा. २०१० मध्ये त्याच मानवी हक्क न्यायालयाने मान्य केलं की इतक्या वर्षांनंतर आत राहणाऱ्याचाही विचार करावा लागेल. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्राँ-मोंताना इथली बोलणीही फिसकटली.

भारतात याच प्रश्नाला आपण तिसरंच उत्तर दिलं आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांना ठेवण्याचा हक्क मान्य केला. गुजरातेतल्या 'अशांत धाऱ्या'खालच्या भागात घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्यामुळे एका धर्माच्या वस्तीत दुसऱ्याने घर घेणं अवघड होतं. मुंबईच्या सोसायट्यांत 'ओन्ली व्हेज' म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. तिथे कायदा वेगळं राहण्याच्या बाजूने झुकतो, इथे मिसळण्याच्या. दोन्हीकडे मालकाला आपलं घर हव्या त्याला विकता येत नाही, हे मात्र सारखंच.

आणि इथे ते सगळ्यांना सारखं नडत नाही. ब्लॉकमध्ये चिनी मर्यादा भरली असेल तर चिनी मालक कुणालाही विकू शकतो, कारण त्याने चिनी माणसाला विकलं तरी प्रमाण बदलत नाही. मलय किंवा भारतीय मालकाला मात्र चिनी गिऱ्हाईक चालत नाही. २०२० च्या जनगणनेत चिनी ७४.३ टक्के, मलय १३.५, भारतीय ९. म्हणजे अशा ब्लॉकमध्ये आपल्यासाठी बाजारातली चारांतली तीन गिऱ्हाइकं एका फटक्यात गेली. उलट मलयांची मर्यादा भरली असली तर चिनी मालकाचं एवढंच नुकसान की मलय गिऱ्हाईक गेलं. एकोप्याचं बिल सगळ्यांच्या नावाने फाटतं, पण भरणारा बहुतेक वेळा अल्पसंख्याक विक्रेता. हे संसदेतही वेळोवेळी बोललं गेलं, आणि खूप प्रयत्न करूनही घर न विकलेल्या अशा मालकांकडून एचडीबीने स्वतः फ्लॅट परत घेण्याची सोय २०२२ मध्ये झाली. मला ही सोय फार उशिरा आली असं वाटतं. जमीन सरकारची, नियम सरकारचा, मग तोटा एका घरमालकाचा का?

आपण नव्याने आलेल्यांनीही या गणितात भर घातली. भारतीय वाढले म्हणून ५ मार्च २०१० ला इंडियन आणि इतरांची मर्यादा शेजारवस्तीत १२ आणि ब्लॉकमध्ये १५ टक्के झाली. त्याच दिवशी पीआर लोकांसाठीही, मलेशियन सोडून, ५ आणि ८ टक्क्यांची मर्यादा लागली. कॉन्डोमिनियमना यातलं काहीच लागू नाही. पोहण्याचा तलाव आणि गेटवर पहारेकरी असलेल्या घरांत कोण कुणाच्या शेजारी राहावं हे पैसा ठरवतो, आणि आपल्यातले पुष्कळ जण तिथेच राहतात. सिंगापूरने मिसळवलेलं सिंगापूर त्यांना लिफ्टमध्येही भेटत नाही.

कोट्याच्या हिशेबात मराठी, तमिळ, शीख, गुजराती, युरेशियन, फिलिपिनो सगळे एकाच रकान्यात: 'इंडियन अँड अदर्स'. शाळेत दुसरी भाषा निवडताना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू चालतात, मराठी नाही. घर विकताना मात्र आपण सगळे एक. मिश्र लग्नांतल्या मुलांसाठी २०११ पासून दोन वंश जोडून लिहिता येतात, 'इंडियन-चायनीज' किंवा 'चायनीज-इंडियन'. एचडीबी त्यातला पहिला शब्द धरते. म्हणजे मराठी आई आणि चिनी बाप जन्मनोंदणीच्या अर्जावर कुठला शब्द आधी लिहितात, यावर त्या बाळाला पंचवीस-तीस वर्षांनी यीशुनच्या कुठल्या ब्लॉकमध्ये कुणाकडून घर घेता येईल, ते ठरत असतं.